रोवणीच्या बहिणीचं नाव

सकाळी पवनीहून निघायचं, आसगावला एक सवारी घ्यायची, लाखांदूरच्या अलीकडे शाळेत उतरायचं, अन् संध्याकाळी तेच उलटं. आमच्याकडे याला अप-डाऊन म्हणतात. इतकी वर्षं एकाच गाडीत अप-डाऊन केलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या सीटखाली साचतात तसे ते साचत राहतात, अन् ब्रेक मारला की सगळे एकदम पायाशी येतात.

गाडी माझी, चालवतो मीच; शाळेत मी मास्तर. बाजूच्या सीटवर आमच्या हेडमास्तरीण, त्यांना आम्ही मोठ्या मॅडम म्हणतो. मागे शाळेचे क्लर्क बुधराम, म्हणजे बाबू. अन् आसगावला चढते ती वैशाली, आमच्यात सगळ्यात लहान, दुसरीचा वर्ग तिच्याकडे. या गाडीत पगारापासून पंतप्रधानापर्यंत सगळ्यांवर मतं देऊन झाली आहेत. पण वैशालीच्या पोरीच्या नावावर जितकी मतं पडली तितकी कशावरच पडली नाहीत. अन् एवढी मतं देऊन कोणाचा गोंधळ कमी झाला म्हणाल तर एकाचाही नाही.

*

सुरुवात पहिल्या पोरीच्या बारशापासून करतो, नाहीतर पुढचं समजणार नाही.

पोरीचं नाव 'अनाया' ठेवायचं पक्कं झालं होतं. वैशालीनं पवनीहून केक मागवला, त्यावर गुलाबी अक्षरात अनाया. प्रमोदनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, दाराला बॅनर लावला, त्यावरही अनाया. प्रमोदचं आसगावात बियाण्या-खताचं दुकान आहे, म्हणून बॅनरच्या खाली दुकानाचा पत्ताही होता. फक्त एक काम राहिलं होतं. पाळण्यात वाकून पोरीच्या कानात 'कुर्र' करायचं अन् नाव सांगायचं. ते काम आत्याचं.

आत्या म्हणजे प्रमोदची मोठी बहीण, सुमनबाई. लग्न होऊन काही महिन्यांतच सासरहून परत आल्या त्या कायमच्याच. प्रमोदला त्यांनीच मोठं केलं, कारण माय दिवसभर मजुरीला. धानाच्या रोवणीचे, म्हणजे चिखलात रोपं लावायचे दिवस होते, अन् सुमनबाई रोवणीच्या बायकांच्या टोळीतल्या पहिल्या नंबरच्या. त्या सरळ बांधीतल्या चिखलातून आल्या. विहिरीवर हातपाय धुतले, पदर खोचला, पाळण्यात वाकल्या, कुर्र केलं अन् उभ्या राहून म्हणाल्या, "रोवणी."

पाळण्याची दोरी धरलेल्या बाया थांबल्या. वैशाली हळूच म्हणाली, "बाई, अनाया ठरलं होतं ना?"

"ठरलं असन. मले हे आवडलं."

प्रमोदची माय म्हणाली, "आता कानात गेलं. आता ते काहाडता नाही येत." विषय संपला. फोटोवाल्याला मात्र समजेना की बॅनरसमोर फोटो काढायचा की नाही. त्यानं शेवटी मायलेकीला असं उभं केलं की बॅनरवर नुसता दुकानाचा पत्ता दिसला.

*

दुसऱ्या दिवशी गाडीत मतदान झालं. वैशाली तेव्हा रजेवर होती, त्यामुळे सगळे मोकळे बोलले.

मोठ्या मॅडम म्हणाल्या, "नावाला काही अर्थ पाहिजे." बाबू म्हणाला, "अर्थ तं हाय न मॅडम. चिखलात उभं राहून धान लावणं. याच्याहून जास्त अर्थ कोन्या नावाले असते?" मॅडम म्हणाल्या, "अर्थ म्हणजे असा नाही." मग कसा, ते त्यांना सांगता येईना. आसगाव मागे पडेपर्यंत त्या विचार करत होत्या.

मी म्हणालो, माझं काही मत नाही. अन् मग शाळा येईपर्यंत मी एकटाच बोललो.

*

नावाचा सगळ्यात मोठा फायदा झाला तो पुण्यात. प्रमोदची एक चुलत वहिनी तिकडे राहते. तिनं फोनवर विचारलं, "रोवणी? किती वेगळं आहे. अर्थ काय रे?" प्रमोदची पंचाईत झाली. पुण्याच्या वहिनीला चिखल कसा सांगायचा? तो म्हणाला, "जुनं नाव आहे वहिनी. वेदातलं."

वहिनी खूश. तिनं सोसायटीत सांगितलं, योगाच्या क्लासमध्ये सांगितलं. दिवाळीला तिचा फोन आला की खालच्या मजल्यावरच्यांना मुलगी झाली अन् त्यांनी तिचं नाव रोवणी ठेवलं. अर्थ विचारला तर ते लोक सगळ्यांना सांगतात, "पहाटेची पहिली लाली."

प्रमोद हे सांगत होता तेव्हा सुमनबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पहाटे कोनी रोवणीले जात नाही. भाकरी खाऊन जाते."

*

रोवणी चार वर्षांची होत आली अन् वैशालीला पुन्हा दिवस गेले. आता प्रश्न आला की दुसरं झालं तर त्याचं नाव पहिल्याशी जुळलं पाहिजे. रोवणीशी जुळणारं काय?

बाबूनं लगेच यादी दिली. "निंदणी. कापणी. बांधणी. चुरणी. धानाच्या कामाची कमी हाय काय? पाच पोरं झाली तरी नावं पुरतात."

वैशाली हसली, पण हसणं जरा उशिरा आलं. बाळ येणार होतं दिवाळीच्या पुढेमागे, म्हणजे नेमकं धान कापून चुरण्याच्या, मळणीच्या दिवसात. अन् कुर्र करणाऱ्या सुमनबाईच. ती म्हणाली, "गुरुजी, मला रात्री झोप लागत नाही. डोळा लागला की चुरणी दिसते. वेणी घालून उभी."

मोठ्या मॅडम जुळणाऱ्या नावांच्या कडक विरोधात. त्यांच्या घरी तिघी बहिणी. रजनी, रंजना अन् रंजिता. हौसेनं जुळवलेली नावं. पण त्यांच्या आईला राग आला की पूर्ण नाव तोंडात यायचंच नाही. नुसतं "ए र..." व्हायचं अन् तिघी धावत यायच्या. तिघींना सोबतच मार. "अजूनही कोणी र म्हटलं की माझी पाठ हुळहुळते," मॅडम म्हणाल्या.

त्या दिवशी पहिल्यांदा आम्हाला कळलं की मॅडमचं नाव रंजना आहे. की रंजिता? आता आठवत नाही. पुन्हा विचारायची हिंमत नाही.

*

बाबूच्या घरचा किस्सा याच्याहून पुढचा. आमच्या भागात पूर्वी वारावरून नावं ठेवत. बाबूचा थोरला भाऊ सोमवारचा, म्हणून सोमा. दुसरा मंगळवारी झाला, म्हणून मंगरू. इथपर्यंत ठीक. तिसरा आमचा बाबू, बुधराम. पण बाबूचा जन्म शनिवारचा!

मी गाडी हळू केली. "मग बुधराम काहून?"

"बाप म्हणे, मंगळाच्या मागं बुधच येते. मधातच शनिवार घातला तं लोक विचारतीन, बाकीची पोरं कुठं गेली?"

मग बहीण झाली. ती कोणत्या वारी झाली ते घरात कोणी पाहिलंच नाही. बुधाच्या मागे गुरुवार, म्हणून ती बिरसपती. लग्नात सासरच्यांनी तिचं नाव बदललं, स्नेहल केलं. आता माहेरी सगळे तिला बिरसू म्हणतात अन् नवरा सोबत आला की स्नेहल. "गेल्या पोळ्याले नवरा अंगणात होता," बाबू म्हणाला, "मायनं आतून बिरसू म्हणून हाक मारली अन् त्यानं बाहेरून स्नेहल म्हणून. बिचारी दारात उभीच राह्यली. आत जाऊ का बाहेर जाऊ तिले समजेना."

यावर सगळे हसले. वैशाली हसली नाही. ती खिडकीतून बाहेर पाहत होती.

*

बाळ झालं. मुलगीच. मोठ्या मॅडमनी गाडीतच नारळ फोडायला लावला अन् पाणी माझ्या गिअरवर सांडलं.

थोड्या दिवसांनी आम्ही तिघं आसगावला बाळ पाहायला गेलो. घरी वेगळाच प्रकार सुरू होता. रोवणी पाळण्याला धरून उभी होती अन् मायला सांगत होती, "माझं नाव बाळाले देऊन टाक. मले अनाया पायजे."

अंगणवाडीत पोरं तिला चिडवत होती. रोवणी आली की "चिखल आला, चिखल आला" म्हणून पाय झटकायची. त्यातल्या निम्म्या पोरांचे आईबाप चिखलातच उभं राहून पोट भरतात, पण पोरांना ते कुठे सुचतं? अन् चिडवणाऱ्या पोरींची नावं काय, तर अनाया, अन्वी अन् पुन्हा अनाया.

वैशालीनं आम्हाला चहा दिला अन् दाराआड जाऊन रडली. बाहेर आली तेव्हा सरळच बोलली. "धाकटीचं नाव चुरणी झालं तर तीही अशीच येऊन रडणार. अन् धाकटीला चांगलंसं नाव दिलं तर मोठी विचारणार, मलेच काहून चिखल? अन् बाईंना कुर्र करू नका म्हटलं तर त्या घर सोडून जातील. मी शाळेत असते तेव्हा हिला जेवू घालणाऱ्या, न्हाऊ घालणाऱ्या त्याच. मी काय करू, सांगा ना."

आम्ही तिघं मतं देणारी माणसं. बाबूकडे यादी, मॅडमकडे तत्त्व, माझ्याकडे कधीही न संपणारं बोलणं. त्या दिवशी तिघांनीही चहाच्या कपात पाहिलं. मला खरंच वाईट वाटलं.

*

शेवटी ठरलं की सुमनबाईंशी मी बोलायचं. वयानं मी मोठा, अन् गुरुजी म्हणून त्या मला मान देतात. रविवारी मी आसगावला गेलो. घरामागच्या खळ्यात धानाची रास पडली होती अन् त्या सुपानं धान उडवून फोल वेगळं करत होत्या. मी बांधावर बसून प्रस्तावना सुरू केली. आधी हवा, मग धानाचा भाव, मग आजकालची पिढी, मग आजकालची नावं.

त्यांनी सूप खाली ठेवलं. "गुरुजी, तुमाले वैशालीनं पाठवलं काय?"

मी म्हणालो, "नाही, सहजच..."

"सहज कोनी इस्त्रीचे कपडे घालून खळ्यात नाही येत."

मग त्यांनी मला चहा करून दिला अन् स्वतः समोर बसल्या. म्हणाल्या, "माझ्या बापानं माझं नाव धुरपता ठेवलं. मले नाही आवडलं. लग्नात त्यायनं सुमन ठेवलं. नवरा नाही टिकला, नाव टिकलं. बरं हाय, धुरपतापरस चांगलं हाय. पन मले ना बापानं विचारलं, ना नवऱ्यानं."

मला संधी दिसली. मी म्हणालो, "तेच तर बाई. रोवणीलाही कोणी विचारलं नव्हतं ना."

त्यांनी राशीतले चार दाणे उचलले अन् पुन्हा टाकले. मला वाटलं, आपण जास्तच बोललो. मग म्हणाल्या, "तिले खूप चिडवतात काय पोट्टे?"

"चिडवतात."

"मले काहून नाही सांगतलं कोनी?"

त्या उठल्या, सूप घेतलं अन् पुन्हा धान उडवायला लागल्या. फोल सगळं माझ्या इस्त्रीच्या कपड्यांवर. नाव काय ठेवणार, त्या बोलल्या नाहीत. मी विचारलंही नाही.

सोमवारी गाडीत बसता बसताच मॅडमनी विचारलं, "मग? काय म्हणाल्या?"

मी म्हणालो, "चहा चांगला होता."

*

बारशाच्या दिवशी आम्ही सगळे लवकर पोचलो. या वेळी वैशालीनं केकवर नाव टाकलंच नव्हतं, नुसतं एक फूल. प्रमोदनंही बॅनरवर नाव टाकलं नव्हतं. त्याऐवजी 'रोवणीच्या बहिणीचे बारसे' असं छापलं होतं. खाली दुकानाचा पत्ता. पुण्याची वहिनी व्हिडिओ कॉलवर होती अन् प्रमोदची माय मोबाइल पाळण्याकडे उलटा धरून उभी होती, त्यामुळे वहिनीला छत दिसत होतं. बाबूनं माझ्या कानात सांगितलं, "चुरणीच. लिहून घ्या."

वैशालीचा चेहरा पाहवत नव्हता. ती सारखी रोवणीचे केस नीट करत होती, केस नीट असूनही.

सुमनबाई आल्या. नवीन लुगडं, केसांना तेल. पाळण्याजवळ गेल्या, पण वाकल्या नाहीत. वळून म्हणाल्या, "रोवणी, इकडं ये."

रोवणी गेली. सुमनबाईंनी तिला कमरेवर घेतलं अन् दोघीही सोबतच पाळण्यात वाकल्या. एका बाजूनं आत्याचं डोकं, दुसऱ्या बाजूनं रोवणीचं, मधे बाळ. वरून आत्याचा पदर. आत कुर्र झालं, ते सगळ्यांना ऐकू आलं. मग काहीतरी कुजबुज. मग रोवणीचं हसणं. मग पुन्हा कुजबुज, अन् या वेळी ती रोवणीची होती.

दोघी उभ्या राहिल्या.

"झालं," सुमनबाई म्हणाल्या. "वाटा पेढे."

"अहो बाई, पण नाव?" मोठ्या मॅडमना राहवलं नाही.

"सांगतलं तिले."

"आम्हाला सांगा ना."

"तुमाले कायले? नाव तिचं हाय." त्यांनी पदर नीट केला. "मोठीच्या नावावर साऱ्या गावानं मत देल्लं. मास्तर लोकायनं गाडीत बसून देल्लं. हिच्या नावावर पयलं मत हिचं. बोलाले लागली का विचारा. तिले आवडलं तं सांगन."

बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. प्रमोदची माय म्हणाली, "अवं, पन हाक काय मारायची लेकराले?" मोबाइलमधून वहिनीचा आवाज येत होता, "काय म्हणाल्या? वेदातलं आहे का?" प्रमोद कधी बहिणीकडे, कधी बॅनरकडे पाहत होता. माझं तर डोकंच चालेना. चांगलं झालं की वाईट, हसायचं की समजावायचं?

वैशाली खाली बसली अन् तिनं रोवणीला जवळ ओढलं. "रोवणी, तुला बाळाचं नाव माहीत आहे ना?"

रोवणीनं मान हलवली.

"तुला नाव बदलून पाहिजे होतं ना बेटा. बाळाचं पाहिजे काय तुला?"

रोवणीनं आत्याकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं. विचार केला. "नाही. तिचं तिलेच राहू दे. मी रोवणी हाय." अन् ती केकवरचं फूल मागायला गेली.

वैशाली तिथेच बसून राहिली. डोळे पुसत होती अन् हसतही होती. मग उठून सुमनबाईंच्या पाया पडली. सुमनबाई म्हणाल्या, "ऊठ, पेढे वाट."

*

याला आता काही महिने झाले. बाळाला घरात जो तो आपापल्या सोयीनं हाक मारतो. प्रमोद 'छोटी' म्हणतो, त्याची माय 'बाई' म्हणते, लस द्यायला येणारी सिस्टर 'रोवणीची बहीण' म्हणते, अन् पुण्याची वहिनी रोज एक नवीन नाव पाठवते. वैशाली काहीच म्हणत नाही. गाडीत आता तिला झोप लागते, डोकं खिडकीला टेकवून, पार शाळा येईपर्यंत.

परवा शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर येताना आम्ही आसगावला वैशालीकडे चहाला थांबलो. सुमनबाई बाजारात गेल्या होत्या अन् पाळण्यात बाळ रडत होतं. काही केल्या थांबेना. दूध झालं, खुळखुळा झाला, प्रमोदनं मोबाइल दाखवला. मग बाबूला कल्पना सुचली. तो पाळण्याजवळ बसला अन् एकेक नाव घेऊन पाहू लागला, बाळ कोणत्या नावाला थांबतं म्हणून. "चुरणी? कापणी? बांधणी?" बाळ आणखी जोरात. मोठ्या मॅडम पुढे सरकल्या, "अवनी? अनाया?" मग मीही वाकलो. माझ्याकडे तर शाळेतल्या सगळ्या पोरींची नावं होती. तीन मोठी माणसं पाळण्यात डोकं घालून हजेरी घेत होतो अन् बाळ लालबुंद झालं होतं.

तेवढ्यात रोवणी अंगणवाडीतून आली. पाठीवर दप्तर तसंच. तिनं आम्हाला कोपरानं बाजूला केलं, पाळण्यात वाकली अन् बाळाच्या कानात एकच शब्द सांगितला.

बाळ गप्प झालं. ओल्या डोळ्यांनी बहिणीकडे पाहत राहिलं, अन् मग हसलं.

बाबू गुडघ्यावरच बसला होता. एकदम मऊ आवाजात म्हणाला, "काय म्हणलं वो बाई तू तिले? आमाले सांग न. आमी कोनाले नाही सांगत."

रोवणीनं दप्तर काढून त्याच्या हातात दिलं.

"तुमचं मत नाही विचारलं," ती म्हणाली.